मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाह: दोन चाचण्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातील एका पालकांच्या सात वर्षांच्या मुलीला साडेचार महिन्यांपूर्वी अचानक डाव्या हातापायात अशक्तपणा आला आणि तोंड एका बाजूला वाकडे झाले. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, खोल भागात, रक्ताअभावी मृत झालेला छोटा भाग दिसला, आणि मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या उजव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीचे टोक व तिथूनच सुरू होणारी मेंदूची मधली धमनी अरुंद झालेली आढळली. आजाराच्या तिसऱ्या दिवशी, मुलगी जागी असताना, एमआरआयवरच रक्तप्रवाह मोजला गेला. तेव्हा डावीकडे १०४ आणि उजवीकडे ७१ असे आकडे आले. गेल्या महिन्यात राज्याबाहेरच्या एका केंद्रात गुंगीचे औषध देऊन तीच चाचणी पुन्हा झाली आणि आकडे आले डावीकडे ७४ व उजवीकडे ५२. त्याच आठवड्यातील डॉप्लरमध्ये (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या चाचणीत) मात्र उजव्या धमनीतील रक्ताचा वेग सेकंदाला १७८ सेंटिमीटर, म्हणजे डावीकडील ९६च्या जवळजवळ दुप्पट निघाला. पालक विचारतात की रक्तप्रवाह ७१ वरून ५२ वर घसरला असा याचा अर्थ घ्यायचा का, एक चाचणी रक्त कमी म्हणते आणि दुसरी वेग जास्त म्हणते यांतले खरे काय, औषधाचे इंजेक्शन देऊन करायची ‘राखीव क्षमते’ची चाचणी सुचवली गेली आहे ती करावी का, आणि चार वर्षांच्या धाकट्या भावाचीही तपासणी करून घ्यावी का.

आपण पाठवलेल्या अहवालांचा मजकूर मी नीट वाचला आहे. चित्रे पाहिलेली नाहीत, म्हणून उपचाराचा निर्णय मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. परंतु अहवालांत जेवढे लिहिले आहे त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगता येते: ७१ आणि ५२ हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहण्यासारखे नाहीत, आणि ते तसे ताडून आपण गेला महिनाभर जी काळजी वाहत आहात तिला या दोन अहवालांत आधार नाही. मुलाच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो मुलाचे वय, त्या दिवशीचे हिमोग्लोबिन, त्या क्षणीचा श्वास आणि समोरची बाजू यांच्यासोबत वाचायचा असतो.

प्रथम वयाविषयी. हे आकडे मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागातून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जाते ते सांगतात. माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत केटी आणि श्मिट या अमेरिकी संशोधकांनी १९४०च्या दशकात नायट्रस ऑक्साइड वायू वापरून बसवली, आणि प्रौढांसाठी तेव्हापासून ५० ते ५५च्या आसपासचा आकडा पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. हीच पद्धत केनेडी आणि सोकोलॉफ यांनी लहान मुलांसाठी जुळवून घेतली तेव्हा, १९५७ साली, निरोगी मुलांची सरासरी १०६च्या आसपास निघाली, म्हणजे प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट. पुढे वेगवेगळ्या पद्धतींनी आकडे थोडे खालीवर आले, पण आलेखाचा आकार तोच राहिला: जन्मतः प्रवाह कमी असतो, पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो शिखर गाठतो आणि किशोरवय सरताना प्रौढांच्या पातळीवर उतरतो. या वयात मेंदूतील पेशींच्या जोडण्या सर्वांत दाट असतात आणि विश्रांत अवस्थेतील शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. रक्ताची मागणी त्यामुळेच एवढी वाढलेली असते.

याचा व्यवहारातील परिणाम गंभीर आहे. एमआरआय यंत्राबरोबर येणारे सॉफ्टवेअर रंगीत नकाशा काढते तेव्हा त्याची रंगपट्टी बहुधा प्रौढांसाठी बेतलेली असते. सात वर्षांच्या मुलाच्या मेंदूतला ५५ हा आकडा त्या पट्टीवर निर्धास्त हिरवा दिसतो आणि अहवालात ‘प्रवाह सर्वसाधारण मर्यादेत’ असे वाक्य उमटते, जेव्हा त्या वयाला तो आकडा निश्चितच विचार करायला लावणारा असतो. मुलांचे अहवाल वाचताना मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट हीच आहे. मुलाचा अहवाल हाती आला की पालकांनी आकडा त्याच वयाच्या मुलांच्या मानाने वाचला आहे ना, एवढे जरूर विचारावे.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. पहिल्या चाचणीत उजवी बाजू डावीच्या ६८ टक्के होती आणि दुसऱ्या चाचणीत ७० टक्के. म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे सारख्याच प्रमाणात, सुमारे तीन दशांशांनी, खाली आले. उजवी बाजू डावीच्या तुलनेत आणखी मागे पडली नाही. धमनीचा अरुंदपणा वाढत चालला असता तर उजवीकडची घट डावीकडच्या घटीपेक्षा मोठी दिसायला हवी होती. निरोगी डावी बाजूही उजवीइतकीच खाली आली, याचा अर्थ संपूर्ण मेंदूवर एकसारखा परिणाम करणारे काहीतरी दोन तारखांच्या मध्ये बदलले. आपल्याच कागदांत अशी निदान तीन कारणे आहेत.

पहिले कारण हिमोग्लोबिन. आजारपणात ते ८.४ होते आणि लोहाच्या औषधानंतर, दुसऱ्या चाचणीच्या वेळी, ११.६ झाले होते. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य कमी असले की मेंदू ती उणीव रक्ताचा ओघ वाढवून भरून काढतो; रक्तक्षय सुधारला की ओघ आपोआप खाली येतो. म्हणजे पहिल्या चाचणीतील १०४ हा आकडा काही अंशी रक्तक्षयाने फुगलेला होता. शिवाय रक्तक्षय असलेल्या मुलाच्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्मही वेगळे असतात, आणि सॉफ्टवेअरने नेहमीच्या रक्ताचे गृहीतक धरून हिशेब केला तर आकडा खऱ्याहून थोडा जास्तच निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. ज्या देशात ही स्थिती आहे तेथे त्या आठवड्याचे हिमोग्लोबिन न लिहिता दिलेला रक्तप्रवाहाचा अहवाल मी अपुरा समजतो. लोहाची कमतरता हा मुलांतील पक्षाघाताचा स्वतंत्र धोकाही आहे, म्हणून ११.६ झाले म्हणून औषध मध्येच सोडू नये. डॉक्टरांनी सांगितलेली पूर्ण मुदत पाळावी.

दुसरे कारण गुंगीचे औषध. प्रोपोफॉलसारखे औषध मेंदूचे काम मंदावते आणि कामाबरोबर रक्ताची मागणीही खाली आणते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे घटतात. पण त्याच वेळी गुंगीत श्वास उथळ झाला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूच्या धमन्या रुंदावतात. हा वायू एक मिलिमीटर पाऱ्याने वाढला की मेंदूतील प्रवाह सुमारे तीन ते चार टक्क्यांनी वाढतो. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या सेवोफ्लुरेनसारख्या औषधांचा कल पुन्हा निराळा. जागेपणी रडत, हुंदके देत यंत्रात गेलेल्या मुलात नेमके उलटे होते: जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, धमन्या आकसतात आणि प्रवाह कमी दिसतो. म्हणून गुंगीत केलेल्या चाचणीत औषधाचे नाव आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आकडा नोंदलेला असावा. भूलतज्ज्ञ तो पडद्यावर पाहत असतातच. तो अहवालापर्यंत पोहोचत नाही, एवढीच उणीव असते.

तिसरे कारण यंत्र आणि त्याची मांडणी, आणि येथे ही चाचणी चालते कशी ते सांगणे भाग आहे. आपल्या मुलीची चाचणी आर्टेरियल स्पिन लेबलिंग, संक्षेपाने एएसएल, या पद्धतीने झाली. हिच्यात सुई नाही, रंगद्रव्य नाही, किरणोत्सर्ग नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्याच्या रेणूंवर रेडिओलहरींनी तात्पुरती चुंबकीय खूण केली जाते, ते रक्त मेंदूत पोहोचेपर्यंत थोडे थांबून चित्र घेतले जाते, मग खूण न करता दुसरे चित्र घेतले जाते, आणि दोहोंच्या वजाबाकीतून किती रक्त पोहोचले ते काढले जाते. ही वजाबाकी मूळ संकेताच्या जेमतेम एका टक्क्याच्या घरातली असते, म्हणून चित्रांच्या अनेक जोड्या घ्याव्या लागतात. एकूण चार-पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात मूल हलले तर हिशेब बिघडतो. मुलांमध्ये प्रवाह मुळातच जास्त असल्याने संकेत मोठ्या माणसांपेक्षा ठळक मिळतो. मुलांसाठी पहिली पसंती मी याच पद्धतीला देतो.

परंतु खूण फार वेळ टिकत नाही. तीन टेस्ला क्षमतेच्या यंत्रात ती सुमारे १.६५ सेकंदांच्या मानाने विरत जाते. थांबायचे किती, हा त्यामुळे या चाचणीतला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत मुलांसाठी १.५ सेकंद आणि नवजात बालकांसाठी दोन सेकंद थांबावे असे सांगितले आहे. निरोगी मुलासाठी दीड सेकंद पुरतो. अरुंद धमनी टाळून आडवळणाच्या बारीक वाहिन्यांतून रक्त येत असेल, तर दीड सेकंदात ते वाटेतच असते. चित्रात मेंदूचा पृष्ठभाग काळा दिसतो आणि त्याच्या आसपास धमन्यांत अडकलेल्या खुणेच्या नागमोडी पांढऱ्या रेषा दिसतात. सॉफ्टवेअर तेथे ‘प्रवाह कमी’ असा आकडा देते, वस्तुतः रक्त उशिरा का होईना पोहोचत असते. आपल्या पहिल्या अहवालात थांबण्याचा काळ दीड सेकंद आहे, दुसऱ्यात दोन सेकंद. आणि दुसऱ्या अहवालातच ‘उजव्या बाजूच्या धमन्यांत रेंगाळणारा संकेत’ असे एक वाक्य शेवटी आले आहे, ज्याकडे आपले लक्ष बहुधा गेले नसेल. माझ्या दृष्टीने संपूर्ण अहवालातील ते सर्वांत मोलाचे वाक्य आहे. उजवीकडचा खरा प्रवाह ५२ पेक्षा काहीसा अधिक असण्याची शक्यता ते दाखवते, आणि त्याच वेळी उजवीकडे रक्त सरळ वाटेने वेळेवर येत नाही हेही सांगते. यांतली पहिली गोष्ट दिलासा देणारी आहे आणि दुसरी पाठपुरावा करण्यासारखी.

याशिवाय एकाच यंत्रावर, एकाच मुलाची चाचणी थोड्या अंतराने दोनदा केली तरी दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. दोन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे, दोन निरनिराळे थांबे आणि दोन निरनिराळ्या शारीरिक अवस्था असताना तीस टक्क्यांच्या फरकाला मी आजार वाढल्याचा पुरावा मानणार नाही.

बाजूंच्या तुलनेलाही एक अट आहे, ती लपवून उपयोग नाही. डावी बाजू निरोगी आहे असे आपण धरून चाललो आहोत. धमन्यांचा काही आजार दोन्ही बाजूंना होतो, आणि तसे असल्यास दोन्ही बाजू सारख्याच खाली येऊनही प्रमाण ७० टक्केच राहील. अशा वेळी तुलनेसाठी लहान मेंदूचा आधार घेतात, कारण त्याला रक्त मानेच्या मागच्या धमन्यांतून मिळते. आपल्या दुसऱ्या अहवालात लहान मेंदूचा आकडा दिलेला नाही. मूळ चित्रांवरून तो आजही काढता येईल. पहिल्या चाचणीत तो असल्यास दोन्ही तारखांचे डावे आणि उजवे आकडे लहान मेंदूच्या आकड्याने भागून पाहावेत. दुसरी महागडी चाचणी करण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम कोणीतरी करावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पहिली चाचणी तिसऱ्या दिवशी झाली, हेही विसरता येत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मेंदूतला प्रवाह तासागणिक आणि दिवसागणिक पालटतो. अडकलेली गुठळी विरघळली तर इजा झालेल्या भागातून गरजेपेक्षा अधिक रक्त वाहू लागते. डॅनिश शास्त्रज्ञ लासेन यांनी १९६६ सालीच या अवस्थेचे वर्णन केले होते. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचे चित्र हे पुढील महिन्यांसाठीचे मोजपट्टीवरचे शून्य मानता येत नाही. तुलनेचा पाया म्हणून दोन-तीन महिन्यांनंतरची, प्रकृती स्थिर असतानाची चाचणी धरावी. म्हणजे आपली गेल्या महिन्याची चाचणी हीच यापुढे पाया ठरेल.

आता डॉप्लर. मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग कवटीबाहेरून ध्वनिलहरींनी मोजण्याची ही पद्धत नॉर्वेजियन संशोधक रुने आस्लिड यांनी १९८२ साली मांडली. कानशिलापाशी हाड पातळ असते तेथे यंत्राचे टोक टेकवून ती करतात. मुलांचे हाड आणखी पातळ असल्याने संकेत उत्तम मिळतो, गुंगी लागत नाही आणि ती कितीही वेळा करता येते. पण ती वेग मोजते, प्रवाह मोजत नाही. वेगाला धमनीच्या पोकळीच्या क्षेत्रफळाने गुणले म्हणजे प्रवाह मिळतो. आपल्याकडच्या खाजन शेतीच्या बांधातील मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची झडप, आपण पाहिली असेल: तिचे दार थोडेसेच उघडे ठेवले तर पाणी त्या फटीतून जोराने उसळते, पण आतल्या शेतात मात्र कमीच पोहोचते. उजवीकडे १७८चा वेग आणि कमी प्रवाह, या दोन गोष्टी म्हणूनच परस्परविरोधी नाहीत. दोन्ही चाचण्या एकाच अरुंद धमनीविषयी बोलत आहेत, एक अरुंद जागेतल्या रक्ताविषयी आणि दुसरी पलीकडच्या मेंदूविषयी. डावीकडचा ९६ हा वेग सात वर्षांच्या वयाला अगदी योग्य आहे; प्रौढात तो जास्त वाटला असता.

डॉप्लर अहवालाखाली ‘२०० पेक्षा कमी, धोका नाही’ असे लिहिले आहे. या वाक्याशी मी सहमत नाही. २०० सेंटिमीटरची मर्यादा सिकल सेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांवरील अभ्यासातून आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, वेग २०० किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिल्या पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला, आणि बालरोगशास्त्रातील ती एक मोठी कामगिरी आहे. परंतु ती मर्यादा सिकल सेलसाठीच सिद्ध झाली आहे. ज्यांना तो आजार नाही त्यांना ती लावून निर्धास्त होणेही चूक आणि घाबरणेही चूक. आपल्या मुलीच्या बाबतीत डॉप्लरचा खरा उपयोग पुढे आहे: त्याच तज्ज्ञाच्या हाताने, त्याच यंत्रावर, दर काही महिन्यांनी केलेल्या मोजणीत वेग चढतो आहे की उतरतो आहे ते पाहण्याचा. एक इशारा मात्र लक्षात असू द्यावा. धमनी जवळजवळ बंद होत आली की वेग पुन्हा खाली येतो, म्हणून उतरलेला वेग सुधारणेचाच असेल असे डॉप्लरवरून एकट्याने ठरवू नये. सोबत धमन्यांचे एमआरआय चित्र हवे.

आता राखीव क्षमतेच्या चाचणीविषयी, कारण आपल्या प्रश्नांतला सर्वांत कठीण निर्णय हाच आहे. धमनी अरुंद झाली की मेंदू प्रथम पलीकडच्या बारीक वाहिन्या रुंद करून प्रवाह टिकवून धरतो. त्या पूर्ण रुंदावल्यावर आणखी वाव उरत नाही. मग येणाऱ्या रक्तातून नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू ओढून घेण्यावर भागवावे लागते, आणि तेही संपले की पेशी मरू लागतात. पहिल्या पायरीवर असलेल्या मुलाचा विश्रांतीच्या वेळचा प्रवाह अगदी सर्वसाधारण निघू शकतो, तरीही ताप, जुलाब किंवा पाण्याची कमतरता एवढ्या निमित्ताने तो कोसळू शकतो. राखीव क्षमतेच्या चाचणीत अॅसिटाझोलामाइड हे वाहिन्या रुंद करणारे औषध शिरेतून देऊन प्रवाह आधी आणि नंतर मोजतात. निरोगी भागात तो तीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक वाढतो. जेथे वाव संपला आहे तेथे वाढत नाही, आणि कधी कधी शेजारचा निरोगी भाग रक्त ओढून घेतल्याने चक्क घटतो. मोठी, समजूतदार मुले पंधरा-वीस सेकंद श्वास रोखू शकतात आणि त्यावरूनही इंजेक्शनशिवाय अंदाज बांधता येतो, पण सात वर्षांचे मूल यंत्रात सांगितल्या क्षणी श्वास रोखेलच असे नाही.

ही चाचणी आत्ता करावी का, याचे माझे उत्तर असे आहे की आधी धमन्यांचे एमआरआय चित्र पुन्हा घ्यावे आणि त्यावरून ठरवावे. आपल्या मुलीच्या वर्णनाला दोन आजार जुळतात. एक म्हणजे धमनीच्या एकाच जागेची दाहामुळे होणारी सूज, जी कांजिण्यांसारख्या संसर्गानंतर येऊ शकते. गेल्या वर्षभरात तिला कांजिण्या आल्या होत्या का हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या आजारात अरुंदपणा पहिल्या काही आठवड्यांत वाढतो, मग थांबतो आणि बहुधा सहा महिन्यांच्या आत स्थिरावतो किंवा सुधारतो. दुसरा आजार मोयामोया, ज्याच्या पायऱ्या सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ साली वर्णिल्या. त्यात कॅरोटिडची टोके, बहुतेकदा दोन्ही बाजूंची, हळूहळू बंद होत जातात आणि तळाशी बारीक वाहिन्यांचे जाळे उभे राहते. सहाव्या महिन्याच्या सुमाराच्या चित्रात अरुंदपणा स्थिर किंवा कमी असेल आणि डावी बाजू स्वच्छ असेल, तर अॅसिटाझोलामाइडच्या चाचणीने उपचारात काहीही बदलणार नाही. ज्या चाचणीच्या उत्तराने निर्णय बदलत नाही ती मुलावर करू नये. अरुंदपणा वाढला असेल, किंवा डावीकडेही सुरुवात दिसली, तर प्रश्न शस्त्रक्रियेचा होतो. डोक्याच्या त्वचेची धमनी मेंदूच्या पृष्ठभागाशी जोडण्याची ती शस्त्रक्रिया आहे, आणि कोणती बाजू आधी करावी हे ठरवायला राखीव क्षमतेचे चित्र अतिशय उपयोगी पडते. तेव्हा ही चाचणी जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे, तेथेच करावी: मोयामोया पुढे गेलेल्या मुलात औषधाने क्वचित तात्पुरती लक्षणे उद्भवू शकतात, आणि चाचणी वाचणारे व शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एकाच छताखाली असले म्हणजे आकड्याचा अर्थ लावण्यात गफलत होत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास तेही आधी सांगावे.

इतर पद्धतींबद्दल आपण विचारले नाही, पण नावे कानावर येतील म्हणून लिहितो. सीटी परफ्युजन, म्हणजे सीटी यंत्रावर रक्तप्रवाह मोजणे, मिनिटभरात होते, मात्र मेंदूची पुनःपुन्हा क्ष-किरण चित्रे घ्यावी लागतात. पाठपुराव्यासाठी ती मुलात वापरू नये. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शिरेतून देऊन केलेले एमआरआय परफ्युजन रक्त किती उशिरा येते ते चांगले दाखवते आणि एएसएलमध्ये रक्त उशिरा पोहोचत असल्याची शंका असेल तेव्हा त्याची मदत होते. स्पेक्टमध्ये (किरणोत्सर्गी द्रव्य देऊन केलेल्या चित्रणात) किरणोत्सर्ग आहे आणि आकडे तुलनात्मक मिळतात. प्राणवायू-१५ हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरून केलेले पेट हे चित्रण सर्वांत अचूक मानले जाते, पण त्या द्रव्याचे आयुष्य दोन मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते द्रव्य बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र शेजारीच लागते.

पहिल्याच दिवशी प्रवाह मोजला असता तर मुलीचा हात वाचला असता का, हा आपल्या पत्रातला प्रश्न मला टाळायचा नाही. प्रौढांमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले की मोजमापावरून वाचवता येण्यासारखा भाग मोठा दिसत असेल, तर गुठळी काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत सहा तासांनंतरही, २४ तासांपर्यंत, उपयोगी पडतो. त्यांतील उंबरठे, उदाहरणार्थ समोरच्या बाजूच्या ३० टक्क्यांहून कमी प्रवाह म्हणजे मृत भाग, हे प्रौढांवर ठरलेले आहेत. ज्यांचा मुळातला प्रवाहच दुप्पट आहे त्या मुलांसाठी ते तसेच लागू पडतात असे सिद्ध झालेले नाही. शिवाय आपल्या मुलीच्या अहवालात मोठी गुठळी नव्हती, धमनीची भिंत आजारी होती, आणि तेथे गुठळी काढण्याचा उपचार लागू होत नाही. तेव्हा त्या दिवशी रक्तप्रवाह मोजला गेला नाही म्हणून तिचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. यापुढे मात्र तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही घडले, मग ते पाच मिनिटांत ओसरले तरी, १०८ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्यावे. घराजवळच्या दवाखान्यात वाट पाहू नये.

पुढच्या चाचणीसाठी शक्यतो गुंगी टाळावी. सात वर्षांची मुले तयारी करून घेतल्यास शांत पडून राहतात. यंत्राच्या आवाजाची ध्वनिफीत घरी ऐकवावी, चटईवर डोके न हलवता गोष्ट ऐकण्याचा सराव करावा, आणि तंत्रज्ञांना विनंती करावी की एएसएल सुरुवातीलाच घ्यावे, मूल कंटाळण्यापूर्वी. धातूची तपासणी करून आईला किंवा वडिलांना आत थांबू देतात. गुंगी अटळ असेल तर उपाशी ठेवण्याच्या वेळेवर लक्ष द्यावे. घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हा नेहमीचा नियम. पण क्रमांक दुपारी लागला आणि मूल पहाटेपासून पाण्याविना राहिले, तर अरुंद धमनी असलेल्या मुलासाठी तेच धोक्याचे ठरते. सकाळचा पहिला क्रमांक मागून घ्यावा, नाहीतर शिरेतून सलाईन सुरू करायला सांगावे. यंत्र आणि थांब्याचा काळ गेल्या महिन्याचाच ठेवावा किंवा अनेक थांब्यांची चाचणी करावी, त्याच आठवड्यात हिमोग्लोबिन करावे, आणि चित्रे फिल्मवर न घेता सीडीवर, डायकॉम या मूळ डिजिटल स्वरूपात मागावीत. फिल्मवरचे रंग पुन्हा मोजता येत नाहीत, मूळ चित्रे कधीही मोजता येतात.

निदान पक्के होईपर्यंत घरातही काही गोष्टी जपाव्यात. मे महिन्याच्या उकाड्यात आणि तापात तिला पाणी, पेज, शहाळे वारंवार द्यावे. उलट्या-जुलाब झाले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. मोयामोया असलेल्या मुलांत जोरजोरात रडणे, फुगे फुगवणे किंवा गरम पेजेवर सतत फुंकर मारणे एवढ्यानेही कार्बन डायऑक्साइड घटून लक्षणे येऊ शकतात, म्हणून शाळेतल्या बाईंनाही याची कल्पना द्यावी. ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची नोंद) करायचा प्रसंग आल्यास जोरात श्वास घ्यायला लावणारा भाग गाळावा, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे.

धाकट्या भावाबद्दल. मोयामोया काही घराण्यांत आढळतो. जपानमधील नोंदींत सुमारे दहातील एका रुग्णाच्या नात्यात दुसरा रुग्ण सापडतो. परंतु आपल्या मुलीचे निदान अजून मोयामोया ठरलेले नाही आणि भावाला कोणतेही लक्षण नाही. त्याची रक्तप्रवाहाची चाचणी करू नये. मुलीचे निदान मोयामोया ठरले, आणि घरात आणखी कोणाला तरुण वयात पक्षाघात झालेला असेल, किंवा भावाला वारंवार डोकेदुखी, हातापायाला क्षणिक कमजोरी अथवा अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असतील, तर त्याचे रंगद्रव्याविना धमन्यांचे एमआरआय करावे. तेवढे पुरेसे आहे. बालरोगतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीत त्याचेही हिमोग्लोबिन मात्र करून घ्यावे.